प्रकल्पाचा वाचक कोण?



प्रकल्प अहवालाचं पहिलं पान डोळ्यांसमोर आणा. त्यावर विद्यार्थ्याचं नाव असतं, मार्गदर्शकाचं असतं, महाविद्यालयाचं, विद्यापीठाचं, शैक्षणिक वर्षाचं असतं. पुढच्या पानावर आईवडिलांचे, ग्रंथपालांचे, टायपिंग करून देणाऱ्याचेसुद्धा आभार असतात. हे सगळं ज्याने वाचावं म्हणून लिहिलं, तो माणूस मात्र कुठेच नसतो. आम्ही निवृत्त होईपर्यंत असे अहवाल चाळत आलो. तोंडी परीक्षेला आमचा एक ठरलेला प्रश्न असे : हे कुणी वाचावं म्हणून लिहिलंस? गटातली मुलं एकमेकांकडे बघत. धीट असे तो म्हणे, "सर, तुम्ही." जास्त धीट असे तो म्हणे, "सर, मार्कांसाठी."

उत्तर प्रामाणिक आहे, त्याला हसण्याचं कारण नाही. पण त्या उत्तराची किंमत किती पडते, आणि ती कोण चुकती करतं, हे आज आपण बघायचं आहे. उदाहरणं आम्ही मुद्दाम बारामती-इंदापूरचीच घेणार आहोत. या दोन तालुक्यांत या प्रश्नाचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे, आणि तो इथल्याच मुलांना ठाऊक नसतो.

आधी थोडं आमच्या विषयातलं. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांना सुरुवातीलाच चार गोष्टी सांगाव्या लागत. त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. अधिकारी म्हणजे कचेरीत बसतो तो नव्हे. ज्याला या ग्रंथाची गरज आहे आणि तो समजण्याची ज्याची तयारी आहे, तो अधिकारी. सदानंदांचा 'वेदान्तसार' उघडा, ग्रंथ सुरू होतो न होतो तोच अधिकारी कोण याचं वर्णन येतं. तुमच्या प्रकल्पात 'विषय' असतो. 'उद्दिष्टे' असतात, म्हणजे प्रयोजन आलं. संबंध ओढूनताणून दाखवता येतो. चौथ्याचा पत्ता नसतो. आता कुणी म्हणेल, सर, या 'अधिकारी' शब्दाने तर आपल्याकडे शतकानुशतकं लोकांना दाराबाहेर ठेवलं. बरोबर आहे, ठेवलं. म्हणून आम्ही तो शब्द उलट्या बाजूने धरतो आहोत. कुणी वाचू नये हे ठरवण्यासाठी नाही, कुणापर्यंत हे पोचल्याशिवाय काम पुरं झालं असं म्हणता येणार नाही, हे ठरवण्यासाठी.

न्यायशास्त्रात याहून नेमका भेद आहे. अनुमान दोन प्रकारचं : स्वार्थ आणि परार्थ. डोंगरावर धूर दिसला, तुम्ही मनाशी म्हणालात की तिथे आग आहे. संपलं. हे स्वार्थानुमान. स्वतःसाठी इतकं पुरतं. पण हेच शेजारच्याला पटवायचं असेल तर पाच पायऱ्या लागतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून आग आहे. सत्य तेच आहे, वाढलं आहे ते ऐकणाऱ्यामुळे.

आता तिसरी पायरी बघा. उदाहरण स्वयंपाकघराचंच का? कारण ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गौतमाच्या न्यायसूत्रांत दृष्टान्ताची व्याख्याच अशी आहे, की ज्याच्याबद्दल लौकिक आणि परीक्षक या दोघांची समजूत सारखी असते तो दृष्टान्त. लौकिक म्हणजे साधा व्यवहारातला माणूस. परीक्षक म्हणजे प्रमाणं लावून तपासणारा. तुमचा बाहेरून येणारा परीक्षक गौतमाच्या मनात नव्हता, पण शब्द कसा नेमका बसला आहे! तुमच्या प्रकल्पाची अडचण ही, की तो परीक्षकासाठी लिहिला जातो आणि लौकिकाबद्दल लिहिला जातो. ज्याच्याबद्दल लिहिलं तो वाचत नाही, आणि जो वाचतो त्याचं त्यात काही अडलेलं नसतं.

हे इंदापुरात एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. कंपनी सरकारला शेतसारा ठरवायचा होता. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडे ते काम आलं आणि १८२०च्या दशकाच्या अखेरीस त्याने पुणे जिल्ह्यात मोजणी सुरू केली. माणूस कष्टाळू होता. रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा खंडाचा सिद्धान्त त्याने हाताशी धरला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती, त्याची किंमत किती, बैल, बी, मजुरी असा खर्च किती, तो वजा जाता निव्वळ उत्पन्न किती, आणि त्याच्या ५५ टक्के सरकारचे. कागदावर अगदी शास्त्रशुद्ध. पण हे आकडे तपासणार कोण? शेताच्या बांधावर उभा असलेला माणूस 'निव्वळ उत्पन्न' ही चीज बघू शकत नाही. ती वहीतच तयार होते. मोजणी करणाऱ्या खालच्या कारकुनांनी काय वाटेल ते भरलं तरी ते चूक आहे असं म्हणण्याची सोय कुणालाच नव्हती, ना रयतेला, ना वरच्या साहेबाला. सारा जमिनीला झेपेना. इंदापूर भागात शेतं पडीक पडली, माणसं गावं सोडून गेली.

मग १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड हा असिस्टंट कलेक्टर आणि विंगेट हा इंजिनियर लेफ्टनंट या दोघांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी सुरू केली. १८३६ पासून तिथे नवे दर आले. मुंबई इलाख्याची जी जमाबंदी पद्धत पुढे प्रसिद्ध झाली, जिच्यातून आपला आजचा सर्व्हे नंबर आला, तिचा पहिला तालुका इंदापूर. १८४७च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. आमचं म्हणणं आहे की तुम्ही ते नियम संशोधनपद्धतीचं पुस्तक म्हणून वाचावेत. जमिनीच्या नऊ प्रती. प्रत ठरवायची ती मातीचा पोत-रंग आणि खोली बघून. खोली मोजायची हातात : पावणेदोन हात खोल असलेली उत्तम माती पहिल्या प्रतीची, मग दीड हात, सव्वा हात असं उतरत जायचं. आणि प्रतीची किंमत आण्यांत : पहिली सोळा आणे, दुसरी चौदा, तिसरी बारा, अशी उतरत शेवटची दोन आणे. चुनखडी आहे, वाळू आहे, उतार आहे, पाणी साचतं, असे सात दोष. त्यांना खुणा ठरवून दिलेल्या. दोष दिसला की प्रत एक पायरीने खाली.

हात आणि आणे, आलं का लक्षात? 'सोळा आणे' म्हटल्यावर उत्तम हे ज्याला समजत नव्हतं असा माणूस या मुलखात नव्हता. कुदळीने खणून हात घालून बघितलं की मोजणीदाराने लिहिलंय ते खरं की खोटं, हे शेतकरीही सांगू शकत होता आणि वरून तपासायला आलेला साहेबही. गौतमाचा लौकिक आणि परीक्षक इथे एका खड्ड्याच्या काठावर उभे आहेत! प्रिंगलचं गणित जास्त विद्वत्तेचं होतं, यात शंका नाही. पण ते तपासू शकेल असा वाचक इंदापुरात नव्हता, आणि जे कुणालाच तपासता येत नाही त्यात चूक शिरली की ती तिथेच राहते. वाचक ठरवणं म्हणजे भाषा सोपी करणं, असा एक गैरसमज आहे. भाषा ही नंतरची गोष्ट. काय मोजायचं आणि कशात मोजायचं, हेच वाचकावरून ठरतं.

विंगेटची आरती ओवाळायची म्हणून आम्ही हे सांगत नाही. दर तीस वर्षांसाठी ठरले होते. १८६७ मध्ये इंदापूरची फेरआकारणी झाली तेव्हा सारा चांगलाच वाढला. आणि जमिनीला असा नेमका आकार, नेमका नंबर मिळाल्यावर ती तारण म्हणून सावकारालाही सोयीची झाली. इथून आपल्याला इंदापूरहून बारामती तालुक्यातल्या सुप्याला यावं लागतं.

१२ मे १८७५. सुप्याचा बाजारचा दिवस. सुपं तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. त्या दिवशी लोकांनी सावकारांच्या घरां-दुकानांवर हल्ला केला. 'दख्खनचे दंगे' म्हणून तुम्ही ते शाळेत दोन ओळींत वाचलं असेल. पुढे ते पुणे-नगर जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत पसरले. या दंग्यांत माणसं मारण्यावर लोकांचा भर नव्हता, हे लक्षात घ्या. लोक मागत होते ती खतं, कर्जरोखे. हाती आली की जाळत होते. कारण काय? खतात नाव आपलं, जमीन आपली, खाली अंगठा किंवा नांगराची निशाणी आपली, आणि मजकूर मात्र आपल्याला वाचता येत नाही. वाचणार सावकार आणि वाचणार कोर्ट. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्यात बाकी पुष्कळ आहे, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने एक तरतूद मोलाची वाटते : शेतकऱ्याचं खत गावच्या निबंधकासमोर लिहिलं गेलं पाहिजे. म्हणजे कागद ज्याच्याबद्दल आहे, त्याच्या देखत.

आता तुमच्या प्रश्नावलीकडे या. तुम्ही वाडीवस्तीवर जाता. पन्नास घरी जाता. नाव, वय, शिक्षण, जमीन किती, कर्ज किती, उत्पन्न किती. लोक चहा देतात, सांगतात. मुलगा कॉलेजातून आलाय, आपल्याच भागातला आहे, त्याचे मार्क जाऊ नयेत म्हणून सांगतात. ती माहिती तुम्ही नेता, तिचे पाय-चार्ट करता, सोनेरी अक्षरांत बांधून घेता. नंतर ती विभागाच्या कपाटात जाते. सुप्याच्या खतांशी याची बरोबरी आम्ही करत नाही, तुम्ही कुणाची जमीन लुबाडत नाही. पण आकृती तीच आहे : ज्याच्याबद्दल कागद, त्याला तो वाचायला मिळत नाही. त्याला तो मिळणार नाही हे तुम्हाला आधीपासून माहीत असतं, आणि म्हणून तुम्ही सैल लिहिता. ते कसं, हे एका विषयावरून दाखवतो.

नीरा डावा कालवा झाला १८७६-७७च्या दुष्काळानंतर. त्याने बारामतीपासून सणसर-भवानीनगरपर्यंतचा मुलूख बागायत केला. ऊस आला, माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती असे कारखाने आले. आणि पाटाच्या पाण्याबरोबर, निचरा नसलेल्या भारी काळ्या रानात, जमीन खराब होणंही आलं. इथली मुलं हा विषय आवडीने घेतात. शीर्षक ठरलेलं : 'अतिरिक्त सिंचनाचे जमिनीवरील परिणाम : एक अभ्यास'. आत एक वाक्य हमखास असतं : 'जमिनी क्षारयुक्त झाल्या असून शेतकऱ्यांनी जिप्समचा वापर करावा.'

परीक्षकाला या वाक्यात काही खटकत नाही. तो फार तर संदर्भ कुठे आहे म्हणून विचारील. पण हेच वाक्य दोन एकर उसाचा मालक वाचणार आहे असं धरा. जमीन बिघडते ती एकाच प्रकारे नाही. वर पांढरा थर येतो, क्षार जास्त, पण माती भुसभुशीत राहते, ती खारवट. मृद्परीक्षणात तिची विद्युत वाहकता चारच्या वर जाते. दुसरी चोपण : सोडियम मातीच्या कणांना चिकटलेलं, सामू साडेआठच्या वर, ओली असताना चिकट, वाळली की दगड, पाणी टाकलं तर वरच उभं. काही जमिनी दोन्ही असतात. जिप्सम हा चोपणीचा इलाज आहे, त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. नुसत्या खारवट जमिनीत जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तिला चर काढून निचरा द्यावा लागतो आणि गोड्या पाण्याने क्षार खाली धुऊन काढावे लागतात. उलट चोपण जमिनीला जिप्समशिवाय नुसतं पाणी देत बसलं तर ती आणखी बिघडते.

म्हणजे 'क्षारयुक्त' हा शब्द परीक्षकापुढे चालतो आणि शेतकऱ्यापुढे चालत नाही. परीक्षकापुढे तो ढोबळ आहे, शेतकऱ्यापुढे तो चूक आहे. आपण समजतो की विद्वानासाठी लिहिताना काटेकोर राहावं लागतं आणि सामान्यांसाठी थोडं इकडेतिकडे चालतं. इथे बरोबर उलटं झालं! ज्याला तुमच्या वाक्यावर पैसे खर्च करायचे आहेत, तो सगळ्यांत कडक वाचक असतो.

आणि वाचक बदलला की प्रश्नही बदलतो. कारखान्याच्या शेतकी विभागासाठी लिहायचं तर प्रश्न असा होईल : कोणत्या गटांत लागण टिकत नाही, आणि तिथे कुठली जात द्यावी? पाटबंधारे खात्याच्या शाखा अभियंत्यासाठी लिहायचं तर कुठल्या वितरिकेखाली पाझर जास्त आहे, आणि पाळी किती दिवसांनी येते, हे लागेल. माळेगाव खुर्दला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञाला तुमची विद्युत वाहकतेची आठ-दहा मोजमापं नकोत, त्याच्याकडे त्याहून चांगली यंत्रं आहेत. पण एखादं शेत कुठल्या वर्षी बिघडायला लागलं, त्याच्या आधी काय घडलं, विहीर होती का, बांध कुणी घातला, ही तुमच्या आजोबांना तोंडपाठ असलेली माहिती त्याच्याकडे नसते. ती नीट, तारीखवार लिहून दिलीत तर तो तुमचा अहवाल नक्की वाचील. या चौघांसाठी एकच अहवाल होऊ शकत नाही. 'सर्वांना उपयुक्त' असं प्रस्तावनेत लिहिलेलं दिसलं की आम्ही समजून जातो, हा कुणाच्याच उपयोगाचा नाही.

तसंच ते 'शासनाने लक्ष द्यावे'. शेवटच्या प्रकरणात 'शिफारशी' म्हणून हे असतंच. शासन म्हणजे कोण? उजनीच्या फुगवट्यावर भिगवणकडे मासेमारी करणाऱ्यांवर तुम्ही प्रकल्प केला. त्यांची एक अडचण मत्स्यव्यवसाय खात्याच्या अखत्यारीत येते, दुसरी जलसंपदा खात्याच्या, रोहित पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांची तिसऱ्याच खात्याच्या. ग्रामपंचायतीच्या हातात त्यातलं थोडंच. शिफारशीत टेबलाचं नाव लिहिता येत नसेल तर अभ्यास अजून पुरा झालेला नाही. परत जाऊन विचारा.

वाचक शोधायचा कसा, म्हणाल तर आमची रीत साधी आहे. विषय सुचला की आधी विचारायचं : यावर कुणाशी माझं भांडण होईल? जुने लोक पूर्वपक्ष आधी मांडत, तो याचसाठी. ज्याला तुमचं म्हणणं ऐकून "असं नाही बाबा ते" म्हणावंसं वाटेल, आणि तसं म्हणण्याइतकं ज्याला त्यातलं कळतं, तो तुमचा वाचक. त्याला नाव द्या, गाव द्या. प्रत्यक्ष ओळखीचा असेल तर उत्तमच. प्रश्नावली छापण्याआधी त्याच्याकडे जा आणि अर्धा तास बसा. बहुतेक वेळा तुमचे दहातले सहा प्रश्न तिथेच गळतील.

(व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारलं : "सर, हे सगळं पटलं. पण मार्क शेवटी परीक्षकच देणार. आणि त्याला इंग्रजीत, ठरलेल्या प्रकरणांतच पाहिजे असतं. मग आम्ही काय करायचं?")

प्रश्न रास्त आहे. परीक्षकालाही वाचक माना, त्याला टाळू नका. पण वाचक दोन असतील तर कागदही दोन करावे लागतात. जोतीराव फुल्यांनी ते केलं. १८८२ साली हंटर आयोगापुढे शिक्षणाबद्दल निवेदन द्यायचं होतं, ते त्यांनी इंग्रजीत दिलं, आयोगाला वाचता येईल अशा रीतीने. लगेच पुढच्या वर्षी, १८८३ मध्ये, 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध केला तो मराठीत. आणि त्याचे भाग लिहून होत होते तसे जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले. शेतकऱ्याला वाचता येत नाही, तर त्याला ऐकवायचं! दोन्हीकडे माणूस तोच आणि तळमळही तीच, पण एकाचा मजकूर दुसऱ्याला दिला असता तर तो दोन्हीकडे वाया गेला असता.

तेव्हा विद्यापीठाला हवा तसा अहवाल जरूर करा, प्रकरणंबिकरणं सगळी. त्याच्याबरोबर मराठीत दोनच पानं वेगळी लिहा. त्यात आकृत्या नकोत, आभार नकोत. काय विचारलं, काय सापडलं, कशाबद्दल खात्री नाही, एवढंच. ज्या पन्नास घरी चहा प्यायलात तिथे ती नेऊन द्या, आणि एक प्रत गावातल्या दूध संकलन केंद्रावर लावा. सकाळी कॅन घेऊन सगळेच तिथे येतात, रांगेत उभं राहून वाचायला वेळ असतो, आणि चुकलं असेल तर बोलायलाही लोक मागेपुढे पाहत नाहीत. हे काम तोंडी परीक्षेच्या आठ-दहा दिवस आधी करा. म्हणजे लोकांनी काढलेल्या चुका मोठ्या अहवालात दुरुस्त करायला सवड मिळेल. आणि खाली फोन नंबर मार्गदर्शकांचा नको, तुमचा लिहा.